कुकर वरच्या खोलीत गेला

"मॅडम, कुकर आता वरच्या खोलीत असतो."

पहिल्या भेटीत तो एवढंच बोलला आणि थांबला. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयामागची छोटी खोली. दोन खुर्च्या, टिश्यूचा खोका, आणि आग लागली तर कुठून पळायचं त्याचा भिंतीवर नकाशा. या खोलीत माणसं बोलायला कुठून सुरुवात करतील ते सांगता येत नाही. कुणी आल्या आल्या रडतं, कुणी "माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट आहे" म्हणून सुरू करतं. याने कुकरपासून सुरुवात केली. त्या एका वाक्यात सगळं प्रकरण होतं आणि ते मला तिथल्या तिथे कळलं. माझ्याआधी तो ज्या सल्लागार बाईंना भेटला होता त्यांना ते कळलं नव्हतं. त्यांना फार दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण परिणाम व्हायचा तो झालाच.

मी या विद्यापीठात शिकवते. शिकवण्याबरोबर काही वर्षं 'हॅरासमेंट ॲडव्हायझर' म्हणून स्वेच्छेने काम केलं. या पदाला मराठी शब्द करायला जावं तर 'छळ-सल्लागार' होतो. आईला फोनवर तो सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे छळायचं कसं ते तू सांगतेस?" तेव्हापासून मी नुसतं सल्लागार म्हणते. इथे मांडलेली घटना २०२३ च्या जानेवारी ते जुलैमधली आहे. त्या विद्यार्थ्याने लिहायला परवानगी दिली आहे, मजकूर वाचून दोन ठिकाणी कात्रीही लावली आहे. गावं, विषय, घराची रचना बदलली आहे.

पद आणि त्याच्या मर्यादा

ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत असे सल्लागार असतात. कुणी प्राध्यापक, कुणी प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, कुणी ग्रंथालयातला. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी तर विभागाविभागात आणि कॉलेजाकॉलेजात नेमलेले असतात. थोडं प्रशिक्षण मिळतं, अधूनमधून उजळणी होते, आणि संकेतस्थळावरच्या यादीत आपलं नाव लागतं. पगार वेगळा नाही. अलीकडे काही विद्यापीठांनी या कामाला पूर्णवेळ माणसं नेमली आहेत आणि माझ्या मते तेच योग्य आहे, पण तो वेगळा विषय.

सल्लागाराने ऐकायचं. समोरच्यापुढे कोणते रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्त्यावर पुढे काय लागतं ते सांगायचं. अर्ज लिहायला मदत करायची, बैठकीला सोबत जायचं. चौकशी करायची नाही, खरं-खोटं ठरवायचं नाही, समोरच्या बाजूला परस्पर जाऊन भेटायचं नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच अपवाद. आणि नव्या सल्लागारांना पचायला जड जाणारी गोष्ट म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही सल्लागार मागण्याचा हक्क असतो. फक्त तो दुसरा असावा लागतो.

आपल्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम यांनुसार अंतर्गत तक्रार समिती असते. ती ऐकते, चौकशी करते आणि निष्कर्षही काढते. ९० दिवसांत चौकशी संपवायची असते. जातीवरून भेदभाव झाला तर यूजीसीच्या २०१२ च्या विनियमांत भेदभावविरोधी अधिकारी आणि समान संधी कक्ष सांगितलेला आहे. हे मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या कॉलेजात कक्ष होता ना. पाटी होती. कुलूपही होतं." पण कक्ष उघडा असता तरी तक्रार करायच्या आदल्या रात्री, करू की नको या घालमेलीत, निकाल देण्याशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाशी बोलायची सोय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नसते. सल्लागाराची जागा तीच, आदल्या रात्रीची.

घर

पाच खोल्यांचं भाड्याचं घर. पाच मुलगे, पाचही मराठी बोलणारे. ऑगस्टमध्ये विमानात बसण्याआधीच व्हॉट्सॲपवरच्या 'या वर्षीचे मराठी विद्यार्थी' छापाच्या गटात त्यांची जुळणी झाली आणि पाचांनी मिळून एकच भाडेकरार केला. हा करार पुढे महत्त्वाचा ठरतो. एकत्रित करारात एकाने भाडं बुडवलं तर मालक उरलेल्या कुणाकडूनही सगळी रक्कम मागू शकतो, त्यामुळे मध्येच कुणी निघतो म्हटलं की बाकीचे हवालदिल होतात.

पहिली तिमाही छान गेली असं तो स्वतःच सांगायचा. एकाच्या आईने पाच लिटरचा हॉकिन्सचा कुकर सामानात कोंबून दिला होता. त्यावर पाळ्या लावल्या होत्या: सोमवारी वरण-भात, बुधवारी राजमा, शुक्रवारी ज्याला जे जमेल ते. दिवाळीला कुणाच्या तरी काकूंनी लंडनहून चकल्या पाठवल्या. त्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. अशा आडनावावरून काही कळत नाही. म्हणून मग विचारपूस. मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं रे तुमचं? तुमच्यात लग्नाला मामाची मुलगी चालते का? गप्पांच्या ओघात, चहाचे कप विसळताना. त्याने उत्तरं दिली, काही टाळली. स्कॉलरशिपवर आलोय एवढं सांगितलं होतं.

जानेवारीत कुणीतरी गुगलवर त्याचं नाव टाकलं.

महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. वर्षाला ७५ जणांना मिळते. निवड झालेल्यांची यादी शासन निर्णयाबरोबर सरकारी संकेतस्थळावर येते, कुणालाही उतरवून घेता येते. ती पीडीएफ घराच्या गटात येऊन पडली. त्याच्या नावावर पिवळी रेघ ओढलेली. खाली एक ओळ: "सरकारचे जावई आपल्याच घरात!" पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. मग कुणी फीचे पौंड रुपयांत करून दाखवले, कुणी "आमच्या बापाचा टॅक्स" लिहिलं. त्याने अंगठा दाखवला. "काय करणार होतो?" तो मला म्हणाला. "नाही दाखवला तर मनाला लावून घेतलं म्हणतात."

तीन दिवसांनी कुकर ओट्यावर नव्हता. ज्याचा होता त्याने तो आपल्या खोलीत नेला. कारण दिलं ते असं की शिट्टी खराब होतेय, सगळे नीट वापरत नाहीत. पाळ्या आपोआप बंद पडल्या. फ्रिजमध्ये खालचा कप्पा त्याचा, असं कुणी म्हटलं नाही, पण झालं. आणि ध्यानात घ्यायची गोष्ट ही की जानेवारीपासून पुढच्या सगळ्या महिन्यांत 'जात' हा शब्द त्या घरात कुणी एकदाही उच्चारला नाही.

पहिला सल्ला

फेब्रुवारीत तो विद्यापीठाच्या यादीतल्या एका सल्लागाराला भेटला. इंग्रज बाई, अनुभवी, मनाने चांगल्या. त्यांच्या नोंदीची प्रत त्याने मला दाखवली. मराठीत सांगायचं तर: सामाईक स्वयंपाकघरातल्या उपकरणांवरून वाद, विद्यार्थ्याला एकटं पडल्यासारखं वाटतं, घरात बैठक घेऊन वापराचं वेळापत्रक ठरवावं असं सुचवलं.

त्यांनी प्रश्न विचारले होते, तेही ठरल्याप्रमाणे. ते लोक वेगळ्या वंशाचे आहेत का? नाही. वेगळ्या धर्माचे? इथे तो अडखळला. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, पण हे इंग्रजीत सांगायला बसलो तर सगळं १९५६ पासून सांगावं लागेल असं वाटून तो "सांगता येत नाही" म्हणाला. वेगळ्या देशाचे? नाही. भाषा? एकच. मग उरलं काय, तर कुकर.

त्यांच्या सांगण्यावरून त्याने बैठक बोलावली. एकाने विचारलं, "तू बाहेर जाऊन आमची तक्रार केलीस?" त्या दिवसापासून घरात त्याच्याशी बोलणं बंद झालं. नकळत दिलेला सल्ला असा अंगावर येतो. त्यांच्याकडून ज्ञानाची अपेक्षा नव्हती. एक साधा प्रश्न पुरला असता: तुमच्याकडे भांडं वेगळं ठेवण्याचा अर्थ काय होतो? तो त्यांनी विचारला नाही, कारण रकाने भरत असताना असा प्रश्न सुचत नाही.

ब्रिटनच्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने २०१९ मध्ये विद्यापीठांतल्या वांशिक छळावर चौकशी अहवाल काढला. अल्पसंख्याक वंशांतल्या २४ टक्के विद्यार्थ्यांनी वांशिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं. आमच्या प्रशिक्षणात हा आकडा पडद्यावर दाखवतात. चित्रात गोरा माणूस सावळ्या माणसाला काहीतरी बोलतोय असं असतं. पाच सावळी मुलं एका स्वयंपाकघरात, असं चित्र मी कधी पाहिलं नाही.

१४ एप्रिल

लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. आता ते महाराष्ट्र सरकारच्या मालकीचं आहे. जयंतीला तो पहाटेच्या बसने तिथे गेला, दारासमोर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. रात्री घरच्या गटात एक ओळ आली: "आज किचन नीट धुवून घ्या रे." दोन हसरे चेहरे.

चौथ्या दिवशी त्याने मला मेल केली. नंतर म्हणाला, "यादीत मराठी आडनाव दिसलं म्हणून तुमच्याकडे यायचं ठरवलं. मग कोणतं आडनाव आहे ते बघून दोन महिने आलो नाही."

माझं आडनाव असं आहे की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. आणि मला ते कधी कुणी विचारलेलंही नाही, ना मुंबईत, ना इथे. त्याने हे बोलून दाखवलं तेव्हा मी काय उत्तर द्यावं? मी "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणाले. मी त्याला 'तुम्ही' म्हणत होते, मुद्दाम. तो दोनदा म्हणाला, "तू म्हणा ना, मी लहान आहे." मी म्हटलं नाही. 'तू' म्हटलं की मी ताई होणार, आणि ताईला बरंच काही करता येतं जे सल्लागाराने करायचं नसतं.

आणि तरीही ते मी दहाव्या मिनिटाला केलंच. त्याने घरातल्या मुलांची नावं सांगितली. त्यातला एक मला माहीत होता, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला ढोलकी वाजवणारा. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी ओळखते त्याला. मी बोलते त्याच्याशी." समोरचा चेहरा उतरला. त्याला त्या क्षणी काय दिसलं असेल ते मला आता दिसतं: ही बाई उद्या त्यांच्यात जाऊन बसणार, प्रेमाने दोन शब्द सुनावणार, ते माफी मागणार, आणि मंडळात चार घरी कळणार की तो मुलगा 'त्यातला' आहे. मी लगेच माघार घेतली. ओळख आहे हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं आणि दुसरा सल्लागार हवा का हे विचारायला हवं होतं. उशिरा का होईना, विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या. परत पहिल्यापासून कुकर सांगायचा म्हणजे..."

टेबलावरचा कागद

दुसऱ्या भेटीत मी एक कोरा कागद घेतला आणि दोघांनी मिळून रस्ते लिहिले. काही न करता फक्त नोंदी ठेवणं. त्यांना स्वतः लिहून कळवणं. विभागामार्फत अनौपचारिक समज. मध्यस्थी. विद्यापीठाकडे रीतसर तक्रार. पोलीस. प्रत्येकापुढे किती वेळ लागतो, कुणाला कळतं, मागे फिरता येतं का. मध्यस्थीवर त्याने तिथेच काट मारली: "पाचजण गोल बसून मी माझी जात समजावून सांगू?" पोलिसांवरही मारली.

मग मी विचारलं की सगळ्यात आधी काय हवंय. मला वाटलं होतं तो न्याय म्हणेल. तो म्हणाला, "परीक्षेपर्यंत झोप. आणि वरण-भात."

म्हणून आधी त्याचंच बघितलं. मेमध्ये वसतिगृहात दोन-तीन खोल्या रिकाम्या असतात. निवास विभागाने एक दिली. विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात एक वकील-वजा बाई आहेत. त्यांनी भाडेकरार ओळ न ओळ वाचला आणि बदली भाडेकरू दिला तर मालक नाव बदलायला तयार होईल असं शोधून काढलं. बदली भाडेकरू मिळाला, स्पेनचा. परीक्षेतल्या अडचणींच्या अर्जाला मी पत्र जोडलं. सल्लागाराच्या पत्रात काय असतं हे ठाऊक असलेलं बरं, कारण लोकांना ते प्रमाणपत्र वाटतं. त्यात मी एवढंच लिहिलं की अमुक तारखांना हा विद्यार्थी मला भेटला आणि राहत्या जागेतल्या त्रासाबद्दल बोलला. त्रास झाला, असं लिहिलं नाही. ते मला ठरवता येत नाही.

अभ्यासक्रम थांबवून परत जावं का, हाही प्रश्न त्याने विचारला होता. थांबवला तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावं लागतं आणि व्हिसा आटोपतो. हे सांगितल्यावर तो विषय त्याने परत काढला नाही.

कायद्यातलं बिऱ्हाड

खोली मिळाली, झोप लागायला लागली, आणि मग तो म्हणाला, "आता तक्रार करायची."

तक्रार विभागातून पहिला प्रश्न आला: हा छळ कोणत्या संरक्षित वैशिष्ट्यावरून? २०१० च्या समानता कायद्यात वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग अशी नऊ वैशिष्ट्यं आहेत. जात त्यात नाही. म्हणजे, आहेही. मंत्र्यांना वाटलं तर आदेश काढून जातीला वंशाचा भाग करता येईल अशी तरतूद मूळ कायद्यात होती. २०१३ मध्ये संसदेने 'करता येईल'चं 'करावंच' केलं. आदेश निघाला नाही. २०१७ मध्ये लोकांची मतं मागवली, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केलं की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत. निकाल म्हणजे मुख्यतः डिसेंबर २०१४ मधला, अपिलीय रोजगार न्यायाधिकरणाचा: भारतातून घरकामाला आणलेल्या एका बाईच्या खटल्यात न्यायाधिकरण म्हणालं की जातीची काही रूपं 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकतात.

शिवाय हा कायदा विद्यापीठाने विद्यार्थ्याशी कसं वागावं ते सांगतो. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला छळलं तर विद्यापीठाची आपली शिस्तसंहिता लागू होते. पण संहिता लिहिताना यादी उचललेली असते ती कायद्यातलीच. हे सगळं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे घरात बिऱ्हाड आहे, पण रेशनकार्डावर नाव नाही."

१ ऑगस्ट २०२५ पासून इंग्लंडमधल्या विद्यापीठांवर नियामक कार्यालयाची नवी अट आहे: छळाबाबतची सगळी माहिती एका जागी हवी, कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षण हवं, तक्रारदाराचं तोंड बंद करणारे करार करता येणार नाहीत. अट चांगली आहे. तिच्यातली छळाची व्याख्या मात्र मुख्यतः त्याच २०१० च्या कायद्याकडे बोट दाखवते.

चाळीस मिनिटं

चौकशी अधिकारी सज्जन होता. मुलाखतीला मी सोबत होते. सोबत्याने त्याच्या वतीने बोलायचं नाही हा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवला. पीडीएफ, ती ओळ, एप्रिलचा संदेश, सगळ्याचं भाषांतर समोर होतं. अधिकाऱ्याने विचारलं, "स्वयंपाकघर धुवा, यात अपमान कसा?" प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

तो बोलायला लागला. पाणी, स्पर्श, आजीच्या गावातली विहीर. इंग्रजीत प्रत्येक शब्द पोकळ होऊन पडत होता. 'विटाळ'ला शब्द नाही. त्याने 'पोल्यूशन' म्हटलं आणि अधिकाऱ्याने धुराबद्दल काहीतरी लिहून घेतलं असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. शब्द माहीत होते, ते सोडवून सांगण्याचं इंग्रजी माहीत होतं, आणि धुवून घ्या म्हणणाऱ्याच्या घरी ते कुठून आलं असेल तेही माहीत होतं, कारण माझ्या आजोळी माजघराच्या उंबऱ्याशी एक वेगळा कप असायचा. मी गप्प बसले. चाळीस मिनिटं.

त्या रात्री मी दोन पानी टिपण लिहिलं. आडनाव कसं वाचतात, कुलदैवत का विचारतात, 'सरकारचे जावई' कुणाला म्हणतात, भांडं वेगळं झालं म्हणजे काय झालं. त्याची लेखी संमती घेतली आणि अधिकाऱ्याला पाठवलं.

दोन दिवसांनी आमच्या समन्वयक बाईंचा फोन. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त लागलं. सल्लागार पुरावा देऊ शकत नाही, त्या म्हणाल्या. आज तू तक्रारदाराची सल्लागार आणि तूच तज्ज्ञ. उद्या ती मुलं म्हणाली की चौकशीत एकाच बाजूचं माणूस दोन खुर्च्यांवर बसलं होतं, तर सगळी तक्रार ढासळेल, आणि ढासळेल ती त्याच्या अंगावर.

मी वाद घातला. मग त्याच दिवसांत गोव्याची बातमी वाचली. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका शिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या होत्या. समितीने भराभर बैठका घेऊन अहवाल दिला, पुढे बडतर्फी झाली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण घाईत त्या शिक्षकाला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. आरोप खोटे ठरले नाहीत, खरेही ठरले नाहीत. प्रकरण परत समितीकडे. चौदा वर्षांनी. त्या मुली आता तिशी ओलांडलेल्या असतील, आणि त्यांना पुन्हा तीच उत्तरं द्यायला बोलावणार. मी टिपण मागे घेतलं.

अर्धं अजूनही मला पटत नाही. टिपणात चूक काही नव्हतं. चूक ही होती की ते माझ्या हातून गेलं. अधिकाऱ्याने मग दुसऱ्या विद्यापीठातल्या दक्षिण आशियाच्या अभ्यासकाकडून लेखी मत मागवलं, ते दोन्ही बाजूंना दिलं. त्यात पाच आठवडे गेले. मजकूर जवळपास माझाच होता, नीटनेटका आणि थोडा कोरडा.

दुसरी बाजू, आणि बटाटेवडे

मेच्या अखेरीस त्या घरातल्या एकाची मला मेल आली, मराठीत. "ताई, तुम्हाला मंडळात पाहिलंय म्हणून लिहितो. आमच्यावर तक्रार झालीय. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. व्हिसा गेला तर? आम्ही तर जातीचं काही बोललोच नाही."

मी तीन ओळींचं उत्तर लिहिलं: मी मदत करू शकत नाही, कारण सांगू शकत नाही, या दुव्यावर दुसरे सल्लागार आहेत. त्याला ते फार तुटक वाटलं असणार. शेवटचं वाक्य त्याने खोटेपणाने लिहिलं होतं असं मला वाटत नाही. त्याच्या मते तो खरंच बोलला नव्हता. त्यालाही कुणीतरी शांतपणे ऐकून घ्यायला हवं होतं, आणि त्याच्या सुदैवाने त्याला मिळालेले सल्लागार चांगले होते, एवढं मला पुढे कळलं. त्यापुढचं मला माहीत नाही आणि असू नये.

त्याच्या आधी, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात, एका काकांनी वड्यांच्या टेबलापाशी मला गाठलं. "त्या मुलांच्या घरात काहीतरी झालं म्हणे. तुम्ही त्या कमिटीवर आहात ना?" कमिटी नाही, हे सांगणंही म्हणजे काहीतरी सांगणं होतं. मी म्हटलं, "चटणी घेतलीत का?" ते समजले की नाही ठाऊक नाही. पुढच्या गणपतीला मी आरतीला थोडी उशिरा गेले.

निकाल

जुलैमध्ये पत्र आलं. संदेश लिहिणाऱ्या दोघांचं वर्तन अपमानास्पद होतं हे शक्यतेच्या तराजूवर, म्हणजे नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त या निकषावर, सिद्ध झालं. लेखी ताकीद, माफीचं पत्र, त्याच्याशी संपर्क करायचा नाही. त्यांचा व्हिसा किंवा पदवी यांना धक्का नाही. कुकरबद्दल लिहिलं होतं की स्वतःच्या मालकीची वस्तू स्वतःच्या खोलीत ठेवणं हा गैरवर्तनाचा पुरावा मानता येत नाही. हे वाचून तो मोठ्याने हसला. मग म्हणाला, "बरोबरच आहे. मी असतो तरी हेच लिहिलं असतं."

वरच्या स्वतंत्र लवादाकडे जायला त्याच्याकडे बारा महिने होते. तो गेला नाही. प्रबंध वेळेवर दिला. माफीची दोन पत्रं आली, त्यातलं एक अगदी ठरीव होतं. दुसऱ्यात ढोलकीवाल्याने शेवटी मराठीत एक ओळ लिहिली होती. ती त्याने मला दाखवली नाही.

वर्षअखेरीला प्रत्येक सल्लागार एक तक्ता भरतो. नावं नसतात, विभाग, छळाचा प्रकार, काय केलं. प्रकारांत वंश, धर्म, लिंग आणि असेच काही, तळाशी 'इतर'. मी वंशावर खूण केली होती. समन्वयक बाईंनी विचारलं की निकालपत्रात वंश म्हटलंय का? नव्हतं म्हटलं. मग 'इतर', आणि शेऱ्याच्या जागी मी एकच शब्द टंकला: कास्ट. दोन महिन्यांनी छापील अहवाल हातात आला तेव्हा कुणीतरी तो शब्द सुधारून 'क्लास' केला होता. दुरुस्तीची मेल पाठवली. संकेतस्थळावरच्या प्रतीत आता कास्ट आहे. छापलेल्या प्रती वाटून झाल्या होत्या.